भरती

(दौंडला रेल्वेलाइनीपलीकडच्या समाजमंदिरात शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींपुढं बोललो, ते आठवेल तसं लिहून काढलंय. मधे दोनदा लाइट गेली. तेव्हा काय बोललो ते आठवत नाही.)



आधीच सांगून टाकतो, मी मॅट्रिक. तेही दुसऱ्या झटक्यात. मुंबईच्या गोदीत कंत्राटी टोळीत काम करतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. असा माणूस तुमच्यापुढं कशाला उभा, तर तुम्हा बी.ए., बी.एस्सी., नर्सिंगवाल्यांना सांगायला की पुढं एम.पी.एच. करा. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. मागं बसलेला गडी हसतोय. हस बाबा. ज्याला पोहता येत नाही तो काठावरून ओरडतोय, असंच आहे हे.

मी भरतीला आलोय. भरती म्हटलं की आपल्याकडं एकच अर्थ. इथं दौंडात आणि तिकडं घोडनदीला पहाटे चारला मैदानात कोण पळतं ते मला माहीत आहे, मीही पळलोय. पोलिसाला सोळाशे मीटर, एसआरपीला पाच किलोमीटर. दौंडात राखीव पोलीस दलाचे दोन गट, त्यामुळं खाकीचं वेड घराघरात. छाती फुगवून पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. माझी वाढली नाही, म्हणून मी गोदीत. त्या भरतीला शिव्या घालत नाही. खाकीनं आपल्या वस्तीतल्या कैक चुली पेटत्या ठेवल्यात. पण एक बघा. आपल्याला बोलवायला जो येतो तो आपली छाती मोजतो, पाय बघतो, पाठ बघतो. मुकादम दंड दाबून बघतो. डोकं मागायला आजवर कोणी आलं नाही. आपणच आपल्या डोक्याची भरती काढायची, एवढ्यासाठी आलोय.

आता माझ्या बापाचं सांगतो. बा इथल्याच मालधक्क्यावर हमाल. सिमेंटच्या वॅगनी खाली करायचा. पन्नास किलोचं पोतं, डोक्यावर फडकं, तोंडावर काही नाही. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या. आम्ही लहानपणी हसायचो, बा म्हातारा झाला म्हणून. चाळिशीत खोकला लागला. दवाखान्यात टीबीचा कोर्स दिला, सहा महिन्यांचा. कोर्स संपला, खोकला तसाच. पुन्हा कोर्स. थुंकीत जंतू एकदाही सापडला नाही, तरी कार्डावर टीबीच. वस्तीत लोक आमच्या घरचं पाणी पिईनात. म्हणजे गावानं आधी एका कारणानं वाळीत टाकलेलं, आता आपल्याच लोकांनी दुसऱ्या कारणानं. दोन कोर्स, तीन डॉक्टर, आणि एकानंही विचारलं नाही की बाबा, तू काम काय करतोस? दवाखान्याचं नाव घेत नाही. नाव घेऊन काय, पुढच्या गल्लीतल्या दवाखान्यातही तेच झालं असतं. बा गेला तेव्हा कागदावर लिहिलं, श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू. आता जगात श्वसनक्रिया चालू ठेवून कोण मेलंय?

माझी धाकटी बहीण बी.एस्सी. झालीय. तिनं मला सांगितलं की १७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी म्हणून एक डॉक्टर होता. त्यानं कामकऱ्यांच्या रोगांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं डॉक्टर लोकांना सांगून ठेवलंय की रोग्याला जे प्रश्न विचारता त्यात आणखी एक घाला, तुझा धंदा काय? ऐकून मी रात्रभर झोपलो नाही. तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाला सुचलेला प्रश्न दौंडच्या मालधक्क्यापर्यंत पोचला नाही. रेल्वे पोचली, सिमेंट पोचलं, प्रश्न नाही पोचला.

तर सार्वजनिक आरोग्य म्हणजे तो प्रश्न. डॉक्टर एका माणसाच्या छातीला नळी लावतो. हा अभ्यास विचारतो की एकाच धक्क्यावरचे इतके हमाल का खोकतात? कुठल्या वयात खोकायला लागतात? समोरच्या पेढीवरचा शेठ का खोकत नाही? १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नोनं कॉलऱ्यानं मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढायला लावला. या विषयाची पुस्तकं म्हणे तिथून सुरू होतात. माझं म्हणणं, एक प्रकरण महाडचंही पाहिजे. २० मार्च १९२७. पाणी कुठलं, ते कोणी प्यायचं, कोणी शिवायचं, आणि ते कोण ठरवणार, हा आरोग्याचाच सवाल होता. बाबासाहेबांनी तो तळ्याच्या पायऱ्या उतरून विचारला.

गोदीत मी जिथं उतरतो तिथून मांडवी हाकेच्या अंतरावर. १८९६ च्या सप्टेंबरात तिथं डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. गोदी, धान्याची गोदामं, उंदीर, पिसवा आणि वरती दाटीवाटीच्या चाळी. पोती वाहणारे कोण होते ते मी सांगायला नको. १८९७ च्या जानेवारीत हाफकिननं लस काढली ती आधी स्वतःला टोचून घेतली. तोवर प्लेग आगगाडीनं पुण्याला पोचलेला. पुण्याचा प्लेग म्हटलं की शाळेच्या पुस्तकात रँड आणि चापेकर, बाकी काही नाही. त्याच प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं पोर पाठीवर घेऊन सावित्रीमाई हडपसरकडं यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या. पोर वाचलं. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणून हार घालतो, बरोबरच आहे. पण त्या मेल्या ते आरोग्याच्या कामात. या भरतीतलं पहिलं नाव तेच.

आणि रोग अजून त्याच रुळावरनं येतो. २०२० साली मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राखीव दलाच्या जवानांना दौंडात करोना निघाला, आठवतंय ना? तेव्हा जंक्शन म्हणजे काय ते कळलं.

आता आपल्या दोन तालुक्यांचं बोलू. पुणे शहराचं मैलापाणी मुळा-मुठेतून खाली येतं आणि रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळतं. अलीकडं दौंड, पलीकडं शिरूर. तिथून ते दौंडावरून उजनीत. पुण्याचा माणूस सकाळी साखळी ओढतो आणि विसरतो. विसरणं ही सोय वरच्या अंगाला राहणाऱ्याला असते. नदीकाठच्या आपल्या वस्त्या मात्र तेच पाणी बघत बसतात. पहिल्यापासून गावाच्या खालच्या अंगाला आपण, आता शहराच्याही खालच्या अंगाला. कुरकुंभला रसायनाचे कारखाने. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरला दुसरी कारखानदारी, आणि तिथल्या भाड्याच्या खोल्यांत बिहार-यूपी-मराठवाड्यातली पोरं एका खोलीत आठ-आठ. हंगामात पाटसकडं ऊसतोडीच्या कोप्या. कोपीतल्या बाईचं बाळंतपण कुठल्या गावच्या वहीत लिहायचं? नर्स म्हणते आमच्या गावची नाही. तिच्या गावची नर्स म्हणते ती तर फडावर गेलीय. म्हणजे बाई पोटुशी आहे, पण कुठंच नाही.

कोण मोजतंय हे? थांबा, एक जागा आहे जिथं मोजतात, आणि ती शिरूर तालुक्यातच आहे. वढू बुद्रुक. पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलनं सत्तरच्या दशकात तिथं काम सुरू केलं. डॉ. बानू कोयाजी. गावातल्याच बायांना शिकवून त्यांनी आरोग्याचं काम उभं केलं आणि १९९३ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. २००२ पासून तिथं आसपासच्या २२ गावांची कायमची नोंद ठेवली जाते. कोण जन्मलं, कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं, कोण नवं आलं. लहान पोरांच्या जुलाबावरची रोटाव्हायरसची आपली देशी लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली, तिची चाचणी ज्या तीन ठिकाणी झाली त्यातलं एक ठिकाण हेच. दिल्ली, वेल्लोर आणि आपलं वढू. म्हणजे देशभरातल्या पोरांच्या तोंडात जो थेंब पडतो त्याच्यामागं शिरूरकडची तान्ही पोरं आहेत.

आपल्याला मात्र वढू माहीत ते दुसऱ्या कारणानं. २०१७ च्या डिसेंबरात गोविंद गोपाळांच्या समाधीजवळच्या फलकावरून काय झालं आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव-सणसवाडीला काय झालं, ते तुमच्यातल्या कैकांनी डोळ्यांनी बघितलंय. दगड मीही खाल्लाय, ही खूण बघा. पण मला राग याचा येतो, की त्याच वढूत जग मोजायचं शास्त्र येऊन बसलंय, शेजारच्या गावातला मी आणि ते मला कळलं मुंबईत, धाकटीच्या तोंडून. मिरवणूक कुठून निघते ते आपल्याला पाठ. ज्ञान कुठून निघतं त्याचा पत्ता नाही.

मोजणीबद्दल माझा एक अनुभव. आम्ही मुंबईत ज्या वस्तीत राहतो तिथं पाहणीवाले येतात. दारात येते ती पोरगी आपल्यातलीच असते, चपला झिजवणारी. तिच्या हातातला कागद मात्र दुसरीकडून आलेला असतो. शेजारचा माणूस गटारात उतरायचा. त्याच्या बायकोला विचारलं, नवरा दारू पितो का? किती पितो? रोज? तिनं सांगितलं. मग ती म्हणाली, ताई, तो आला की वास जायला किती साबण लागतो ते लिहा ना. पोरगी म्हणाली, मावशी, तसा रकानाच नाही. खोटं नाही सांगत, ती पोरगी रडवेली झाली. रकाना नव्हता. आणि ज्याला रकाना नाही ते नसतंच. दारू दिसते, कारण दारूला रकाना आहे. मग अहवालात येतं की या लोकांत व्यसन फार.

रकाने कोण पाडतं? तोच हे एम.पी.एच. झालेला, पीएच.डी. झालेला. तिथं आपलं कोणी बसल्याशिवाय साबणाचा रकाना येणार नाही. मुंबईत आख्ख्या देशाचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिथून चालतं ती लोकसंख्या विज्ञान संस्था देवनारला. टाटा इन्स्टिट्यूटही देवनारला. आणि त्याच देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो. कचऱ्यात कोण वेचतं आणि संस्थांच्या आत कोण बसतं, मधे फार रस्ता नाही. पण तो ओलांडायला पिढ्या लागतायत.

२०२२ साली एक शोधनिबंध आला. व्यास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात. नऊ राज्यांतला हिशोब. सवर्ण हिंदूंपेक्षा दलितांचं आयुष्य तीन वर्षांहून जास्त कमी, आदिवासींचं चार वर्षांहून जास्त कमी. आणि नुसत्या गरिबीनं हा फरक भरून निघत नाही. मी कविता करतो, मरणावर शंभर ओळी लिहिल्या असतील. पण 'तीन वर्षं' हा शब्द मला कधी लिहिता आला नाही. कवितेनं माणूस हलतो, आकड्यानं खुर्ची हलते. निदान तिला उत्तर तरी द्यावं लागतं. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपली वर्षं कोण मोजणार? तुमच्यातलंच कोणी मोजलं तर.

आता कामाचं. एम.पी.एच.ला डॉक्टरच असावं लागतं असं नाही, हे आधी डोक्यातून काढा. एम.डी.ला लागतं, ती गोष्ट वेगळी. कितीतरी ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, काही ठिकाणी विज्ञान किंवा नर्सिंग मागतात. ते त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाचायचं, ऐकीव माहितीवर जायचं नाही. भारतात हा अभ्यासक्रम पहिला १९९७ साली त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्रात सुरू झाला. आपल्याला जवळ म्हणजे मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट. पुणे विद्यापीठाच्या आवारात आरोग्यविज्ञानाचा वेगळा विभाग आहे. दौंडाहून पुणं लोकलसारखं गाठता, तिथं एकदा जाऊन गेटातून आत तरी शिरा. टाटाला २०२३ पासून सीयूईटी नावाच्या परीक्षेतून घेतात. कॉम्प्युटरवर होते. पेपर इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत नाही. मराठीच्या अभिमानाचे मोर्चे काढणाऱ्यांना यावर कधी घसा कोरडा करावासा वाटला नाही. असो, तो वेगळा विषय.

आणि पैसा. इथं खरी मेख आहे. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा, मॅट्रिकच्या पुढं शिकणाऱ्या आपल्या पोरांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. त्याच सुमाराला भोर समिती देशाच्या आरोग्याचा आराखडा करत होती, १९४६ ला तिचा अहवाल आला. दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. ऐंशी वर्षं झाली, त्यांची गाठ अजून नीट पडलेली नाही. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलं तर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते. मिळते म्हणजे मिळणार असते. संस्थेला फी आज पाहिजे, सरकारचे पैसे सवडीनं येणार. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिष्यवृत्तीवाल्या पोरांची वसतिगृह आणि जेवणाची सवलत काढली, तेव्हा २०१८ च्या फेब्रुवारीत पोरांनी चारही आवारांत संप केला. तुळजापुरातसुद्धा. तो संप कशासाठी होता, तर दाराच्या आत राहण्यासाठी.

आमच्या घरचं सांगतो. धाकटीचं नाव एका संस्थेच्या पहिल्या यादीत लागलं. संस्था कुठली ते सोडा. पाच दिवसांत फी भरा. माझ्याकडं होते अकरा हजार. मुकादमाकडून उचल घेतली, आयनं डोरलं मोडलं, आत्यानं बचत गटातून काढून दिले. चौथ्या दिवशी पैसे जमले. आम्ही वेड्यासारखे नाचलो. पाचव्या दिवशी कळलं, जात पडताळणीचं प्रमाणपत्र पाहिजे. ते कचेरीत पडून. बाच्या बापाचा शाळेचा दाखला नव्हता म्हणून अडलेलं. आजा शाळेत गेला नाही कारण त्याला शाळेत घेतलं नाही, आणि घेतलं नाही याचा पुरावा म्हणून शाळेचाच दाखला मागतात. जागा गेली. धाकटी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून कंपनीच्या बसला गेली, पॅकिंगला. रांजणगावला. अजून जाते. आज ती इथं आहे, मागच्या रांगेत, माझ्याकडं बघत नाहीये कारण मी हे सांगणार नाही असं कबूल केलं होतं.

म्हणून सांगतो, परीक्षेचा अभ्यास नंतर. आधी कागद. पडताळणी बारावीलाच करून टाका. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, बँकेत आधार जोडलेलं. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, पैसे उशिरा येतात पण येतात. फ्रीशिप कार्ड म्हणून गोष्ट आहे, आधी फी न भरता प्रवेश मिळावा यासाठीच ती काढलीय. ते मागा, आणि कारकून नाही म्हणाला तर लेखी मागा. बाहेर देशात जायचं तर राज्याची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, केंद्राचीही एक. आणि एक सावधगिरी. गुळगुळीत पुस्तिका घेऊन एजंट येतात, अमुक खाजगी विद्यापीठात एम.पी.एच., परीक्षा नाही, काही लाख भरा. त्यांची भरती वेगळी. ते तुमचा बा-आयचा जमिनीचा तुकडा मोजायला आलेले असतात.

चळवळीतला माझा एक दोस्त म्हणतो, तू साहेब तयार करायला निघालास. पोरं डिग्री घेतील, फ्लॅट घेतील, निळा झेंडा माळ्यावर टाकतील. मी त्याच्याशी भांडलो, पण तो खोटं बोलतो असं नाही. असे मीही बघितलेत. तरी मी त्याला विचारलं, तू आणि मी मालधक्क्यावर पन्नास वेळा घोषणा दिल्या, धूळ किती होती ते सांगता आलं का आपल्याला? साहेबानं विचारलं, पुरावा काय? आपण काय दिलं? आवाज दिला. आवाज पाहिजेच. पण पुढच्या वेळी आवाजाच्या खिशात कागद पाहिजे.

नोकरीचंही खोटं सांगणार नाही. ही डिग्री घेऊन बरेच जण आरोग्य अभियानात लागतात, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. कंत्राट म्हणजे काय ते मला विचारा, मी त्यातच आहे. तुमच्या माझ्या घरात ज्या आशाताई आहेत, जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ ला त्यांचा गौरव केला आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याच ताया मानधनासाठी आझाद मैदानात थंडीत झोपल्या. आत्याही होती त्यात. मी पाळी सुटल्यावर तिला डबा घेऊन जायचो. ती म्हणायची, मी इतकी वर्षं घरोघर फिरून आकडे आणते, ते वर जातात, वर काय होतं त्यांचं ते एकदा बघून ये रे कोणीतरी.

तर बघून या. मला उद्या परत जायचंय, खताची बोट लागलीय. रात्री आठपर्यंत इथंच बसतो. धाकटीनं कोऱ्या कागदावर यादी काढलीय, कुठला दाखला कुठल्या कचेरीत आणि त्याला किती दिवस लागतात याची. झेरॉक्स पन्नासच आहेत. ज्यांची पडताळणी अडलीय त्यांनी नावं तिच्याकडं लिहा, सोमवारी सगळे मिळून पुण्याला कचेरीत जायचंय. धाकटीचाही अर्ज अजून तिथंच आहे.